पुडीच्या कागदावरचं इंग्रजी

प्रिय नाना,

उद्या सकाळी कोल्हारहून नगरची मोटार धरायची आहे. परवा मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर. वळकटी बांधून झाली, टाक पुसून ठेवला, आई आत वाटेसाठी दशम्या थापते आहे आणि मी ओसरीवर नुसती बसून आहे. पुस्तक उघडलं की डोळ्यांपुढे तुम्हीच येता. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं, मग काय वाचायचं ते वाचू.

तुम्ही गेल्याला अडीच महिने होत आले. एवढ्या दिवसांत तुम्हाला लिहावं असं कधी मनात आलं नाही. काय लिहिणार होते? तोंड कुठं होतं मला? पण चार दिवसांपूर्वी कोल्हारच्या पेठेत एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आधीच सांगून ठेवते, रागावले आहे मी तुमच्यावर. मास्तर माणसानं असं फसवायचं असतं का हो?

मागल्या वर्षीचा चैत्र आठवतो ना? नगरच्या शाळेतून मी घरी आले ती तोंड लपवूनच. बाकी सगळ्या विषयांत बरी, आणि मॅट्रिकला पाठवण्याआधी शाळा चाचणी घेते तिच्यात नेमकी इंग्रजीत आपटले! उतारा समजला नाही, ग्रामरमध्ये नुसती लाल शाई. शाळेनं फॉर्म दिला नाही. आई काही विचारायच्या आत मी चुलीपाशी जाऊन रडत बसले. तुम्ही दारातून एवढंच म्हणालात, "पेपर आनलाय का? बघू." मी ट्रंकेतून काढून दिला. तो तुम्ही परत केला नाहीत आणि मीही मागितला नाही. ते लाल कागद परत बघायची हौस कुणाला होती!

आठ दिवसांत पुणतांब्याचे मामा हजर झाले. बातम्या कशा वाऱ्यावर जातात! "दाजी, झालं तेवढं शिक्शन लई झालं. शेवगावचं स्थळ हाय. आडत हाय त्यांची, पोरगी सुखात पडंल." मी आत कान देऊन उभी. मला वाटलं, संपलं आता. आणि तुम्ही शांतपणे सुपारी कातरत म्हणालात, "स्थळ चांगलं हाय. पर औंदा जमायचं न्हाई. म्याच मॅट्रिकला बसतोय."

आईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. मामा तर हसायलाच लागले. "ह्या वयात?"

"लोकल बोर्डात निस्त्या मराठी फायनल पासला कोन इचारतंय? आन् इंग्रजी शिकवायला मला इंदी लागंल. ती इंग्रजी सातवीपत्तुर, म्हंजी मॅट्रिकच्या वर्गापत्तुर गेली, म्या इंग्रजी तिसरीत सोडली. येवढी परीक्षा हुंद्या माजी, मग बघू."

 लेकीची परीक्षा असती तर मामांनी दहा कारणं काढली असती. बाप्याच्या परीक्षेला काय बोलणार? चहा पिऊन गेले. माझाही फॉर्म बाहेरून भरायचा हे तुम्ही मागाहून, अगदी सहज सुचल्यासारखं बोललात. "शिकवतीच हायेस तर तूबी बस की."

आणि मग ती खुर्ची! आपल्या वाडीच्या शाळेत मास्तर एक, वर्ग चार, खुर्ची एक. रोज शाळा सुटली की तुम्ही ती डोक्यावर घेऊन घरी यायचात आणि सकाळी परत न्यायचात. पाराजवळ बसलेले लोक विचारायचे, "मास्तर, खुर्ची कुठं निगाली?" तुम्ही थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचात, "परीक्षेचा अभ्यास हाय. लेक शिकवती मला." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगळी वाडी हसायची.

ओसरीवर मी खुर्चीत, तुम्ही पोत्यावर, मांडीवर पाटी. मी बाहेर आले की उठून उभं राहायचं, "गुड इव्हिनिंग, बाई" म्हणायचं, आणि धडा संपेपर्यंत मला अहो-जाहो करायचं. आई आतून करवादायची, "बापानं लेकीम्होरं हुबं ऱ्हायाचं, हे कुटं बगितलंय?" तुमचं उत्तर ठरलेलं. "घरात लेक हाय. खुर्चीवर बाई हाय."

ग्रामरचं पुस्तक होतं, त्याचं निभलं. पण उतारा कुठून आणायचा? पेपरात येतो तो कधी न वाचलेला. आपल्या वाडीत कधी न वाचलेलं इंग्रजी कुठलं? रॉकेलच्या डब्यावरचं आणि औषधाच्या बाटलीवरचं वाचून दोन दिवसांत संपलं. तेव्हा तुम्हाला रहिमानकाका आठवले. कोल्हारच्या पेठेतलं त्यांचं किराणा दुकान, दर आठवड्याला नगरला माल भरायला जाणं, आणि येताना तिथल्या लष्करी कॅम्पातली रद्दी आणणं. लढाईत कागद मिळेना, पण गोऱ्या साहेबांची जुनी वर्तमानपत्रं काकांच्या गल्ल्यामागे थप्पीनं पडलेली.

ते बिचारे नुसतेच देत होते कागद. पण तुमचा बाणा मोठा! फुकट रद्दी कशी घ्यायची? म्हणून तुम्ही छटाकभर जिरं चार पुड्यांत बांधून घ्यायचात. धणे चार पुड्यांत, मोहरी चार पुड्यांत. काका विचारायचे, "मास्तर, तुमी जिरं खाता का पेरता?" आईचा मिसळणाचा डबा भरून वाहायला लागला. त्या वर्षी आपण जिऱ्याच्या फोडणीशिवाय एक भाजी खाल्ली नसेल.

पुडी उलगडायची, हातानं सपाट करायची, आणि बाईंनी त्यावर पाच प्रश्न काढायचे. काय काय निघायचं त्यातून! धण्याच्या पुडीत एक मडम विलायतेला चालली म्हणून पियानो विकत होती. हिंगाच्या पुडीत पुडिंगची कृती, तीही अर्धीच. आणि जिऱ्याच्या एका पुडीत कॅम्पातलं कुणाचं तरी तपकिरी कुत्रं हरवलं होतं. डाव्या कानावर पांढरा ठिपका, हाक मारली की येतं, पुढे कागद फाटलेला.

तुम्हाला त्या कुत्र्याची काय काळजी लागून राहिली! दर बाजाराला काकांना विचारायचात, त्याच पेपरचा दुसरा तुकडा आहे का. मी वैतागून म्हटलं, "नाना, उत्तरं लिहून झाली, आता कुत्र्याचं काय?" तर म्हणे, "बाई, तेचं मालक रडत असंल ओ."

आणि श्रावणात ती मजा झाली. प्रवरेच्या पुलाशी लष्करी लॉऱ्यांची रांग थांबली होती. आपण दोघं बाजारातून येत होतो. एक गोरा सोजीर खाली उतरून बाटलीनं डोक्यावर पाणी ओतून घेत होता. तुम्ही टोपी सारखी केलीत, त्याच्यासमोर जाऊन ताठ उभे राहिलात आणि मी आठ दिवसांपूर्वीच शिकवलेल्या घाटाचं एक आख्खं वाक्य बिनचूक बोललात, "सर, हॅज द लॉस्ट डॉग बीन फाउंड?"

तो आ वासून बघत राहिला. मग मोठ्यानं हसला, तुमचा हात धरून हलवला आणि भराभर काहीतरी लांबलचक बोलला. वाटेत तुम्ही हळूच विचारलंत, "काय म्हनला?" मी म्हटलं, "मला एक अक्षर समजलं नाही." तुम्ही इतके हसलात, की रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. म्हणालात, "मंग बाई, ह्यो खरा न वाचल्याला उतारा!" नाना, ते हसणं अजून कानात आहे. आता घरात कुणी तसं हसत नाही.

पण मी चांगली बाई नव्हते. तुम्ही फार अडायचात आणि मी फार लवकर चिडायची. ओळ वाचून झाली की तुमचं सुरू, "बाई, हे न्हाई समजलं. पुन्यांदा सांगा." मी सांगायची. "का बरं असं? तसं का न्हाई?" मग मलाच नीट माहीत नसायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून डिक्शनरी चाळायची, ग्रामरचं तेच पान तीनदा वाचायची, आणि संध्याकाळी खुर्चीत बसून असं सांगायची की जणू जन्मापासून येतंय! तुम्ही मान डोलवायचात. दुसऱ्या दिवशी नवी जागा काढून पुन्हा अडायचात.

मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी तुम्ही एकाच उताऱ्यावर चौथ्यांदा अडलात. शब्द येत होते, अर्थही येत होता, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे, हा शेवटचा प्रश्न काही केल्या सुटेना. मला नगरचा हॉल दिसायला लागला. शेजारी तुम्ही, पांढऱ्या मिशा, सगळ्या मुली बघताहेत, आणि मग पेपरात छापून येणारे नंबर, त्यात तुमचा नाही. मी कागद फेकला. काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे, पण मलाच लिहू दे. म्हणाले, "नाना, तुमच्यानं व्हायचं नाही. तुम्ही बसूच नका परीक्षेला. तुम्ही नापास झालात तर मला नगरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तुम्ही कागद उचललात, सपाट केलात, खिशात ठेवलात. "बरं, बाई," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा डोक्यावर घेऊन आलातच! "बसायचं न्हाई तर न्हाई, शिकायला काय हरकत हाय?" मी खाली मान घालून शिकवत राहिले. एकदा तरी "चुकलं, नाना" म्हणायला मला काय झालं होतं? आज म्हणू, उद्या म्हणू, असं करत दहा दिवस घालवले. अकराव्या दिवशी तुम्हाला थंडी वाजून आली.

हिवताप. क्विनाईन कुठं मिळेना, सगळं लढाईवर गेलेलं. काका कॅम्पातून कुणाचे तरी पाय धरून चार गोळ्या घेऊन आले, तोवर उशीर झाला होता. तापात तुम्ही सारखा वर्ग घेत होतात, तिसरीला उठवत होतात, चौथीला बसवत होतात. मी उशाशी बसून "नाना, नाना" करत होते आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "बस खाली." ते मला म्हणालात की वर्गातल्या कुणाला, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर मी पुस्तक उघडलं नाही. मामा दिवसांना आले ते शेवगावचा विषय घेऊनच. वर्षाच्या आत कार्य झालं पाहिजे, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला काय करायचं होतं आता? शेवगावकरांचा बघायला यायचा दिवस मामांनी ठरवला तोही परवाचाच, पेपरचा. 

आणि मागल्या आठवड्यात पोस्टमन माझ्या परीक्षेच्या नंबराचं कार्ड देऊन गेला. ते मी कोनाड्यात पालथं टाकलं. मला धास्ती होती तुमच्या कार्डाची. तेही येणार, त्यावर तुमचं नाव असणार, ते हातात कसं घेऊ? एक दिवस गेला, दोन गेले, आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी सरळ कोल्हारला काकांकडे गेले. फॉर्म नगरला त्यांनीच नेऊन दिले होते ना!

काकांनी तराजू खाली ठेवला. "दुसरं कसलं कार्ड, बेटी? कागूद येकच हुता. तुजा."

"आणि नानांचा?"

"मास्तर कशाला बसतील? मार्चात त्यांच्या चौथीचं इन्स्पेक्शन. शाळा कुनाच्या भरवशावर टाकायची? पैल्या दिशीच मला म्हनले हुते, रहिमानभाई, परीक्षा माजी न्हाई, पर कुटं बोलू नगा."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. काका म्हणाले, "तुला खरंच न्हाई समजलं? अगं, माजी सकीना बेरजंत कच्ची हुती. मास्तरनी काय केलं? तिलाच दुसरीच्या पोरांना बेरीज शिकवाया बशिवलं. म्हैन्यात पक्की. त्यांची रीतच ती. येक मास्तर, चार वर्ग. ज्येला जे येत न्हाई, त्येला तेच शिकवाया लावायचं."

नाना! सगळ्या वाडीला ठाऊक असलेली रीत. मी स्वतः तुमच्या शाळेत पहिलीला पाढे शिकवत शिकवतच पाढे शिकले. आणि वर्षभर खुर्चीवर बसून मला कळू नये?

परतताना शाळेत गेले. नव्या मास्तरांनी तुमची पेटी दिली. तळाशी माझा तो नापासाचा पेपर होता. एकेका लाल रेघेवर तुमच्या निळ्या पेन्सिलीची खूण आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख. श्रावणात तुम्ही ज्याच्यावर अडला होतात, भाद्रपदात ज्याच्यासाठी मला तीन दिवस छळलंत, ते सगळं तिथं ओळीनं होतं. तुमचं अडणं माझ्याच चुकांवरून चाललं होतं. शेवटच्या तीन रेघांवर मात्र खूण नाही. तिसरी रेघ उताऱ्याच्या शेवटच्या प्रश्नाखाली आहे, लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे.

घरी येऊन आईपुढे पेपर टाकला. "तुला ठाऊक होतं?"

"ठावं हुतं," आई म्हणाली. "तू बसू नका म्हनलीस त्या दिशी मला म्हनले, पोरगी आता माज्या म्होरं गेली. हसत म्हनले." मग म्हणाली, "पर लागलं हुतं त्यास्नी. खोटं कशाला सांगू? मनातनं त्यास्नीबी बसायचं हुतं."

बरं झालं तिनं खोटं सांगितलं नाही. मला वाटलं होतं, फॉर्मच नव्हता तर माझं बोलणं तुम्हाला लागलं नसेल. तेवढीही पळवाट नाही. तुम्ही सोजिराला अडवून कुत्र्याची चौकशी करणारे, तुम्हाला का बसावंसं वाटणार नाही! माझ्या जागी तुम्ही बसला असतात तर त्या हॉलमध्ये सगळ्यांत आनंदानं पेपर लिहिणारा माणूस तुम्हीच असतात. मला क्षमा करा, नाना. माझी अब्रू जाईल म्हणून मी जी जागा तुम्हाला नाकारली, ती तुम्ही आधीच मला देऊन बसला होतात.

तुमची फार आठवण येते. संध्याकाळ झाली की मी अजून रस्त्याकडे बघते.

आईनं काल मामांकडे माणूस धाडला. काय निरोप दिला माहीत आहे? "शेवगावकरास्नी सांगा, पोरगी घरी न्हाई. परीक्षेला नगरला गेलीया." मी म्हटलं, "आई, त्यांना राग येईल." ती म्हणाली, "येऊ दे. बघायाचंच आसंल तर निकाल लागल्यावर येतील." काका उद्या मालासाठी नगरला निघालेच आहेत, ते सोबत आहेत. उतरणार मैत्रिणीच्या घरी.

चार दिवस त्या उरलेल्या तीन रेघा घेऊन बसले होते. दोन सुटल्या, असं वाटतं. त्यांच्यावर तुमच्याच निळ्या पेन्सिलीनं मी खूण केली, तारीख घातली. तिसरीचं अजून सांगता येत नाही. शिकवायला समोर कुणी नसलं की मला येत नाही, अशी खोड लावून गेलात!

म्हणून आता एकच वचन देते. परवा उतारा समोर आला की तो मी एकटीनं वाचणार नाही. पहिल्या ओळीपासून तुम्हाला समजावून सांगत जाईन. तुम्ही अडाल. "बाई, हे न्हाई समजलं," म्हणाल. म्हणा, नाना. तीनदा म्हणा, चारदा म्हणा, दर ओळीला म्हणा. घंटा होईपर्यंत मी पुन्हा पुन्हा सांगेन, आणि एकदाही चिडणार नाही.

तुमची,
इंदू